चढणीचा वारसा

मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीर हा राज्यमासा जाहीर केला. बारशिंगा आणि स्वर्गीय नर्तक यांच्या पंगतीला एक मासा येऊन बसला, ही चांगलीच गोष्ट झाली. शास्त्रात त्याचे नाव टॉर टॉर, नर्मदाकाठच्या केवट-कहारांच्या तोंडी बाडस. घोषणेमागोमाग अपेक्षित प्रश्न आले: नर्मदेत बाडस उरला किती, कुठल्या पट्ट्यात उरला, तळ्यात त्याची वीण करून नदीत पिल्ले सोडता येतील का. प्रश्न प्रामाणिक आहेत, पण त्या सगळ्यांत एक गृहीत दडलेले आहे. बाडस म्हणजे बाडस. इथला गेला तर दुसरीकडचा आणून सोडला की हिशेब जुळला. ज्या विषयाची ओळख इथे करून द्यायची आहे तो या गृहीतालाच हात घालतो. एकाच जातीच्या माशांत काही समूह हंगाम आला की नदीभर प्रवास करतात आणि काही समूह जन्मल्या पाण्यातच आयुष्य काढतात. हा फरक निव्वळ परिस्थितीचा, की आई-बापांकडून आलेला? गेल्या काही दशकांत जनुकशास्त्राने याचे बरेच स्पष्ट उत्तर दिले आहे. ते उत्तर मान्य केले तर जात वाचवणे आणि जातीतले प्रवासी वाचवणे ही दोन वेगळी कामे ठरतात, आणि पहिले झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. इंदूरच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. १९७८ पासून हे शहर जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी पिते आहे. नदीचे आज जे झाले आहे त्यात आपलाही वाटा आहे.

प्रवासी मासा मराठी माणसाला नवा नाही. मृगाचे पाणी ओढ्यांतून वाहू लागले की कोकणात आणि घाटमाथ्यावर माणसे रात्री बत्त्या घेऊन चढणीचे मासे धरायला निघतात. रायगड-ठाण्याकडे त्याला वलगण म्हणतात. हे मासे पोटात अंडी घेऊन उथळ, ताज्या पाण्याकडे निघालेले असतात, आणि नेमके त्याच वेळी त्यांना धरणे हा आपला जुना, चविष्ट आणि नदीला महाग पडणारा षौक आहे. नर्मदेत ही चढण दोन तऱ्हांची होती. बाडस समुद्राचे तोंड कधी पाहत नाही. तो मुख्य पात्रातल्या खोल डोहांत राहतो आणि पावसाळ्यात विणीसाठी गोट्या-वाळूच्या उथळ, वाहत्या पाण्याकडे चढतो. दुसरा प्रवासी पाला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश. तो खंबातच्या आखातातून भरूचच्या वाटेने गोड्या पाण्यात शिरतो, अंडी घालतो आणि परत फिरतो. केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेच्या करमचंदानी, देसाई, पिसोळकर आणि भटनागर या संशोधकांनी १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेच्या मासेमारीची पाहणी केली. त्यांनी तपासलेल्या होशंगाबादकडच्या पट्ट्यात एकूण मासळीचा पाव हिस्सा तरी एकट्या बाडसचा होता. पुढे १३१२ किलोमीटर लांबीच्या या नदीवर बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर अशी धरणांची रांग लागली. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले. नदीचा मोठा भाग आता एकाला एक लागलेल्या जलाशयांचा आहे. त्यांत मासे भरपूर निघतात, पण ते बहुतांशी कटला, रोहू अशा सोडलेल्या बीजाचे. चढणाऱ्या माशाचे काय झाले, हे या आकड्यांवरून कळत नाही.

प्रवासाची ओढ रक्तात असते, असे म्हणणे सोपे आहे. त्यावरचा पहिला आक्षेप मात्र भक्कम आहे. युरोपातल्या तपकिरी ट्राउटची एकाच विणीतली भावंडे घ्या: काही समुद्रावर जातात, काही ओढ्यातच राहतात. अन्न कमी पडले तर जाणाऱ्यांची संख्या वाढते, भरपूर मिळाले तर राहणारे वाढतात. पाण्याचे तापमान, गर्दी, पहिल्या वर्षातली वाढ या सगळ्यांचा परिणाम दिसतो. मग जनुकांना मध्ये आणायचे कशाला? या आक्षेपाला वादाने उत्तर देता येत नाही, प्रयोगानेच देता येते, आणि तसा एक फार सुंदर प्रयोग अलास्कात नकळत सुरू झाला. बॅरनॉफ बेटावरच्या सॅशिन ओढ्यातले समुद्रावर जाणारे ट्राउट १९२६ साली धबधब्याच्या वर असलेल्या, मासे नसलेल्या तळ्यात नेऊन सोडले. खाली उडी मारायला वाट होती, वर परतायला नव्हती. म्हणजे ज्याला समुद्राची ओढ लागली तो तळ्यातून कायमचा गेला आणि त्याची पुढची पिढी तळ्यात जन्मलीच नाही. पिढ्यानपिढ्या ही चाळणी चालत राहिली. साधारण सत्तर वर्षांनी संशोधकांनी तळ्यातले मासे आणि खालचे समुद्रावरून परतणारे मासे घेतले, त्यांच्या आपापसांत आणि एकमेकांत जोड्या लावल्या आणि सगळी पिल्ले एकाच केंद्रात, सारख्या पाण्यात, सारख्या खाद्यावर वाढवली. परिस्थितीचा फरक असा पुसून टाकल्यावरही कोणती पिल्ले समुद्रासाठी चांदीसारखी चकाकू लागणार यात आई-बापांचा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त निघाला. तळ्यातल्या माशांच्या पोरांतही समुद्राची तयारी करणारे निघाले, पण समुद्रात सोडल्यावर त्यांच्यातले परतणारे कमी होते. ओढ अजून पुरती मेलेली नव्हती. ती निभावण्याची ताकद मात्र घटली होती. तेव्हा परिस्थिती की जनुक हा वादच चुकीच्या पायावर उभा आहे. वारशाने येतो तो उंबरठा: किती उपासमार झाली, किती वाढ झाली की निघायचे, याची मर्यादा. परिस्थिती त्या उंबरठ्यापर्यंत नेते, पण उंबरठा किती उंच हे आधीच ठरलेले असते आणि ते समूहागणिक वेगळे असते.

हा उंबरठा डीएनएमध्ये नेमका कुठे आहे, ते शोधताना एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. सॅशिनमधल्या माशाचीच जात असलेल्या कॅलिफोर्नियातल्या ट्राउटमध्ये पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा, सुमारे साडेपाच कोटी अक्षरांचा आणि हजाराच्या घरात जनुके असलेला, दोन रूपांत आढळतो. एका रूपात तो सरळ आहे, दुसऱ्यात उलटा. छापखान्यात पुस्तक बांधताना एखादा फर्मा उलटा शिवला जावा तसा. मजकूर तोच, क्रम फिरलेला. याचा परिणाम असा की आईकडचे आणि बापाकडचे गुणसूत्र एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात तेव्हा या भागात अदलाबदल होत नाही. वाढीची गती, वयात येण्याचा काळ, चरबीचा साठा यांच्याशी संबंधित जनुके एकगठ्ठा वारशाने जातात. समुद्राला वाट मोकळी असलेल्या ओढ्यांत एक रूप जास्त, धबधब्यांच्या आणि धरणांच्या वर दुसरे; आणि हे चित्र एका नव्हे तर एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक नद्यांत पुन्हा पुन्हा मिळाले. नर-मादीतही फरक आहे: समुद्रात वाढलेली मादी कितीतरी जास्त अंडी देते, म्हणून एकच मिश्र रूप मादीला प्रवासाकडे झुकवते तर नराला ओढ्यातच ठेवते. नॉर्वेच्या कॉड माशाची गोष्ट याहून जुनी. बॅरेंट्स समुद्रातून लोफोटेनला अंडी घालायला येणारा कॉड आणि किनाऱ्यालगत राहणारा कॉड विणीच्या हंगामात एकाच पाण्यात भेटतात. हे दोन समूह वेगळे असावेत अशी शंका १९६०च्या दशकात त्यांच्या हिमोग्लोबिनच्या प्रकारांवरून आली होती. संपूर्ण जनुकसंच वाचता आल्यावर कळले की फरकाचा मोठा भाग पहिल्या गुणसूत्रावरच्या अशाच उलट्या तुकड्यात साठलेला आहे आणि ती उलथापालथ लाखो वर्षांपूर्वीची आहे. ट्राउट आणि कॉड यांचे नाते फार दूरचे. तरी दोघांत तोडगा एकाच धर्तीचा निघावा, यावरून मला तरी वाटते की प्रवास हा एखाद-दुसऱ्या जनुकाचा खेळ नाही, तो एकत्र नांदावे लागणाऱ्या गुणांचा संच आहे, आणि संच फुटला तर त्यातला एखादा गुण हाती ठेवून फारसा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप इथे येतो, आणि तो आपल्याकडच्या धोरणात न बोलता मान्य झालेला आहे. गुणसूत्राचा एखादा तुकडा वेगळा, बाकी सारे सारखे. मग हे दोन समूह वेगळे कसले? सर्वसाधारण जनुकीय खुणा पाहिल्या तर धरणाच्या वरचे आणि खालचे ट्राउट भाऊभाऊच दिसतात. वाम माशाचे उदाहरण तर आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचेच आहे: युरोपातल्या सगळ्या नद्यांतले वाम अंडी घालायला सार्गासो समुद्रात जातात, तिथे सगळे एकत्र मिसळतात, आणि त्यामुळे पोर्तुगालचा वाम आणि बाल्टिकचा वाम असे वेगळे जनुकीय समूह आढळत नाहीत. वामाबाबत हे मान्यच करायला हवे. जिथे सगळे एकाच ठिकाणी वीण करतात तिथे नदीनिहाय वारसा तयार होऊ शकत नाही. पण त्यातूनच उलट निष्कर्षही निघतो. बाडस समुद्रात जाऊन मिसळत नाही. तो नदीतच, ठरावीक उथळ पाण्यात वीण करतो. अशा माशात वारसा नदीगणिक वेगळा होण्याला सगळी परिस्थिती अनुकूल असते. आणि ‘बाकी सारे सारखे’ या युक्तिवादाबद्दल सांगायचे तर सरासरी काढताना नेमका तोच तुकडा बुडतो ज्याच्यावर मासा जाणार की राहणार हे ठरते. पाल्याच्या बाबतीत निसर्गाने एक इशाराही देऊन ठेवला आहे. तापीवर १९७२ साली उकाई धरण झाले आणि त्याच्या जलाशयात पाला अडकून राहिल्याच्या, तिथेच वीण करत असल्याच्या नोंदी मत्स्यशास्त्रात आहेत. समुद्राशिवाय जगू शकणारा पाला ही सोयीची बातमी वाटते. सॅशिनचे तळे लक्षात ठेवून वाचली की ती तशी वाटत नाही: अडकलेला पाला हा निवडून काढलेला पाला असतो.

बांध हा काही सगळ्यांना सारखा अडवत नाही, हे एकदा समजले की पुढचे गणित अवघड नाही. बांधाच्या वर, खाली जाणारे निघून जातात आणि परतत नाहीत. बांधाच्या खाली, वर चढणारे भिंतीपाशी येऊन हंगाम वाया घालवतात, आणि ज्यांना मिळेल त्या पाण्यात वीण जमते त्यांचीच संख्या वाढते. दोन्हीकडे प्रवास महाग, मुक्काम स्वस्त. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादपर्यंत चढणारा इलिश तिथून दिसेनासा झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते हे की अशा तुटीनंतर वाट पुन्हा उघडली तरी प्रवासी परततीलच असे नाही. अमेरिकेच्या रोग नदीवर १९७७ मध्ये लॉस्ट क्रीक धरण झाल्यावर वसंतात चढणाऱ्या चिनूक सामनची चढण्याची वेळ काही दशकांत पुढे सरकली आणि त्यामागे एकाच जनुकाजवळच्या रूपांची अदलाबदल असल्याचे २०१९ मध्ये दाखवले गेले. त्याच अभ्यासात क्लॅमथ नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या उत्खननांत सापडलेल्या जुन्या सामनच्या हाडांत वसंताचे रूप मिळाले; आजच्या माशांत ते जवळजवळ उरलेले नाही. २०२४ मध्ये क्लॅमथवरची चार धरणे काढली, सामन लगेच वर गेलेही, पण ते शरदातले. याउलट एल्व्हा नदीत, जिथे जवळजवळ शंभर वर्षांची दोन धरणे २०११ ते २०१४ दरम्यान पाडली, वर अडकलेल्या ट्राउटमध्ये लवकर परतण्याचे रूप तग धरून होते आणि उन्हाळी प्रवासी पुन्हा दिसू लागले. दोन नद्या, दोन निकाल. फरक कशाने पडला? वरच्या अंगाला समूह जिवंत होता की नाही, आणि ते रूप बाळगण्याची किंमत मुक्कामी माशाला किती पडत होती, यावर. म्हणजे आशेला जागा आहे, पण ती वर अडकलेल्या स्थानिक माशातच आहे. बाहेरून आणलेल्यात नाही.

इथे आपल्याच घरची गोष्ट सांगायला हवी, कारण ती अभिमानाचीही आहे आणि सावध करणारीही. कर्नल साइक्स यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून १८३९ साली वर्णन केलेला महाशीर, टॉर खुद्री, याची कृत्रिम वीण डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्यात यशस्वी केली. टाटांच्या वीजकंपनीने वळवणच्या तलावाकाठी केंद्र चालवले आणि तिथली बोटुकली देशभर गेली. महाशीर संपत चालला असताना हे काम थोर होते, आणि त्या काळी कुणाला जनुकीय समूहाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पण यातली काही बोटुकली कावेरीत सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, प्रचंड आकाराचा. इंग्रज गळवाल्यांनी त्याच्या गोष्टी जगभर नेल्या होत्या. निळ्या पंखांचा पाहुणा वाढत गेला आणि घरचा मासा कमी होत गेला. हा घरचा मासा म्हणजे टॉर रेमादेवी हे शास्त्रात २०१८ साली, पुण्याच्या नीलेश डहाणूकरांसह अनेकांनी केलेल्या अभ्यासातून, निश्चित झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, सुरुंग लावून मासेमारी, पाण्याची ओढाताण ही कारणेही आहेत. सगळा दोष बोटुकलीच्या माथी मारणे अन्याय्य होईल. तरी नाव ठरण्याआधीच मासा हातचा जावा, हा क्रम बोलका आहे. कावेरीत निदान दोन जाती होत्या, डोळ्यांना फरक दिसत होता. नर्मदेत उद्या दुसऱ्या खोऱ्यातला टॉर टॉर सोडला तर फरक कुणालाच दिसणार नाही. दोघांचे नाव एक, खवले एक. पाहुण्यांची पोरे चढणीच्या हंगामात डोहातच बसून राहिली तर त्याला रोग म्हणणार, प्रदूषण म्हणणार. तलावात पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या माशांची निवडही आपण नकळत मुक्कामासाठीच करत असतो: हौदात निवांत राहणारा, खाद्यावर येणारा, हाताळणी सोसणारा टिकतो. आपल्याकडे देवाचे म्हणून मासे राखतात तेही याच जातकुळीचे रक्षण आहे. देहूला इंद्रायणीत, महाडजवळ वाळणकोंडीत लोकांनी श्रद्धेने मासे राखले, शासनाला जमले नाही ते केले. पण राखला तो डोह, डोहाच्या वरची वाट कुणी राखली नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि इंदूरमध्ये बसून तो टाळणे ढोंगीपणाचे होईल. धरणे राहणार आहेत. १९७९च्या नर्मदा लवादाने चार राज्यांत पाणी वाटून दिले आहे, त्यावर शहरे आणि शेते उभी आहेत, आणि माशासाठी कुणी इंदिरासागर फोडणार नाही. मग प्रवासी वारशाची चर्चा म्हणजे गेल्याचा शोकच ना? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण पुन्हा कॅलिफोर्नियाच्या ओढ्यांतच मिळते. धरणांच्या वर मुक्कामी रूप वाढते हे वर सांगितले. पण जिथे जलाशय मोठा आहे आणि त्याला मिळणारे ओढे मोकळे आहेत, तिथे प्रवासी रूप बऱ्याच प्रमाणात टिकलेले आढळले. ते मासे जलाशयालाच समुद्र मानतात: तिथे वाढतात आणि विणीला ओढ्यात चढतात. बाडसला तर मुळात समुद्र लागतच नाही. इंदिरासागरला छोटा तवा मिळतो. ओंकारेश्वरच्या खाली बडवाहजवळ चोरल येऊन मिळते, तिच्या खाली कुंदी, पुढे बडवानीकडे गोई. भिंतींनी तोडलेल्या मुख्य पात्रात जे शक्य नाही ते या नद्यांत अजून शक्य आहे, आणि तिथे आड येतात त्या गोष्टी लवादाच्या निवाड्यातल्या नाहीत: दर दोन-चार कोसांवरचे स्टॉपडॅम, गव्हा-कापसासाठी चालणारे पंप, आणि ज्या गोट्या-वाळूत अंडी घालायची तीच ट्रॅक्टरने उचलून नेणारा उपसा. पावसाळ्याचे चार महिने स्टॉपडॅमच्या फळ्या काढून ठेवणे हे काही राष्ट्रीय धोरण बदलण्याइतके जड काम नाही. पाल्याची गोष्ट अवघड आहे हे मान्य. भरूचजवळ भाडभूतला खाडीवर बंधारा उभा राहतो आहे, तिथले मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले ते हाच मासा जाईल म्हणून, आणि तिथे दुसरा ओढा शोधून भागणार नाही.

म्हणून पुढील पानांत महाशीर किती उरला याची मोजदाद वाचकाला कमी आणि तो कुठून कुठे जातो याची चौकशी जास्त आढळेल. या चौकशीला लागणारी साधने आता महाग राहिलेली नाहीत. माशाच्या परांचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत ठेवला आणि मासा परत सोडला तरी त्याच्या डीएनएची नोंद कायमची हाती राहते. आता लखनौला असलेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो १९८३ पासून याच कामासाठी आहे. चोरलेत आश्विनात सापडणारी पिल्ले आणि ती जिथे मिळते तिथल्या नर्मदेत जाळ्यात येणारे मोठे बाडस यांचे असे तुकडे शेजारी ठेवले तर एकाच समूहाचे दोन वयोगट पाहतो आहोत की दोन वेगळे समूह, हे कळू शकते. अट एकच, आणि ती वेळेची आहे: हे नमुने लोणावळ्याहून किंवा बाहेरच्या दुसऱ्या केंद्रातून आणलेली बोटुकली पाण्यात सोडण्याच्या आधी घ्यावे लागतात, कारण एकदा मिसळल्यावर मूळ नर्मदेचे कुठले आणि गाडीतून आलेले कुठले, हे वेगळे काढण्यासाठी तुलनेला काहीच हाती राहत नाही.